नववीच्या मुलांच्या वत्सलाताई

दिनकररावांचा फोन आला तेव्हा मी बडोद्यातल्या वासण्याच्या आमच्या घरी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "सुनीता, वत्सला गेली," ते म्हणाले, आणि मी ओलं पातळ खांद्यावर तसंच टाकून सवयीने विचारलं, "आता कुठे?" पलीकडे शांतता पसरली. त्या शांततेतच मला कळलं... इतकी वर्षं त्या घरी फोन केला की वत्सलाताईंच्या यजमानांकडून, दिनकररावांकडून, हेच तर ऐकायला मिळायचं. वत्सला गेली बँकेत, वत्सला गेली कुठल्याशा छापखान्यात, वत्सला गेली मुलांना घेऊन कोर्ट बघायला. वत्सलाताई घरात सापडल्या तर नवल वाटायचं. त्या दिवशी सकाळी चहा टाकायला उठल्या, छातीत कळ आली म्हणाल्या, आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. "जरा बस म्हटलं, तर बसलीसुद्धा नाही गं ती," दिनकरराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

या गोष्टीला आता महिना-दीड महिना झाला. त्यांच्याबद्दल लिहावं म्हणून बसते आणि उठते. गॅस बंद केला का बघून येते, उगाच कपाट आवरते, पुन्हा कागदापाशी येते. माणूस गेल्यावर मन हळूहळू निवतं म्हणतात. माझं निवत नाही, कारण जाण्याच्या थोडे दिवस आधी त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ तेव्हाही नव्हतं, आजही नाही. त्या प्रश्नापाशी मी येईनच. पण आधी वत्सलाताई कोण होत्या ते सांगायला हवं, कारण त्यांचं नाव बडोद्याबाहेर कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही आणि बडोद्यातही ते ठाऊक आहे ते बहुतेक अशाच लोकांना, जे कधीतरी त्यांच्यासमोर चौदा-पंधरा वर्षांचे होऊन बसले होते.

वत्सला मोहिते. आजोबा संस्थानच्या घोडदळात, वडील रेल्वेत, आणि त्या स्वतः मकरपुऱ्याच्या एका मोठ्या इंजिनिअरिंग कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर. कामगार त्यांना 'मोहितेबेन' म्हणत आणि आम्ही सगळे 'वत्सलाताई'. उंच, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, पायांत पुरुषी वाटाव्यात अशा जाड चपला. बोलताना घरातलं मराठी आणि कारखान्यातलं गुजराती एकमेकांत असं मिसळलेलं, की ऐकणाऱ्याला कुठे काय संपलं ते कळू नये. नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं होती. देशाची दारं उघडली, नवं भांडवल येणार, नव्या नोकऱ्या येणार, असं रोज वर्तमानपत्रात असायचं, आणि त्याच वेळी मकरपुऱ्यात एकेका जुन्या शेडला कुलूप लागत होतं. वत्सलाताईंच्या कारखान्यातही एक विभाग बंद करायचं ठरलं. कामगारांना एकेक करून खोलीत बोलवायचं, समोर बसवायचं आणि स्वेच्छानिवृत्ती घ्या म्हणून समजावायचं, हे काम त्यांच्याकडे आलं. ते त्यांनी पार पाडलं. शेवटचा माणूस सही करून गेल्यावर त्यांनी स्वतःचाही कागद लिहून दिला आणि त्या घरी आल्या.

त्यानंतर आठ-दहा महिन्यांनी त्या आमच्या शाळेत आल्या. बडोद्याच्या वाडी भागातली आमची मराठी शाळा. एका अरुंद गल्लीत, खाली तांब्या-पितळेची दुकानं आणि वर वर्ग, त्यामुळे मी व्याकरण शिकवत असताना खालून सतत ठोकण्याचा आवाज यायचा. मुख्याध्यापकांना वाटलं, बाई नोकरी मागायला आल्यात. त्यांनी जागा नसल्याचं सांगायला सुरुवात केली, तर वत्सलाताई म्हणाल्या की मला पगार नको, मला नववीचा आठवड्यातला एक तास द्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मी तिथेच पेपर तपासत बसले होते म्हणून ऐकलं. त्या म्हणाल्या, आयुष्यभर मी पोरांच्या मुलाखती घेतल्या. चांगले मार्क मिळवलेला मुलगा समोर बसायचा, तुला काय करायला आवडेल विचारलं की दाराकडे बघायचा, कारण दाराबाहेर त्याचे वडील उभे असायचे. "ही मुलं माझ्याकडे फार उशिरा येत होती. मला त्यांना आधी भेटायचंय."

मुख्याध्यापक सज्जन होते, त्यांनी तास दिला, आणि वर्गशिक्षिका म्हणून मी मागच्या बाकावर बसावं असं ठरलं. वत्सलाताई वर्गात आल्या त्या खुर्चीकडे न बघताच. 'नेतृत्व' वगैरे मोठे शब्द त्यांनी त्या दिवशी काय, पुढेही कधी फारसे वापरले नाहीत. त्यांनी मुलांना एवढंच विचारलं, की तुमच्या घरात जे कमावतात ते दिवसभर नेमकं काय करतात? मुलं एकमेकांकडे बघायला लागली. कुणी म्हणालं मकरपुऱ्याला जातात, कुणी म्हणालं ऑफिसात असतात. वत्सलाताई म्हणाल्या, कुठे जातात ते नको, काय करतात ते सांगा. कुणालाच सांगता येईना. मग पुढच्या आठवड्यासाठी तेच काम दिलं, घरी जाऊन विचारायचं आणि इथे उभं राहून सांगायचं.

पुढच्या तासाला हेमांगी जगताप उभी राहिली. दोन वेण्या घालणारी, कधी तोंड न उघडणारी मुलगी. मीसुद्धा तिचा आवाज नीट ऐकला नव्हता. तिने सांगितलं की माझे पप्पा टर्नर आहेत. लेथवर लोखंडाचा दांडा गरागरा फिरतो आणि पप्पा त्याला हत्यार लावतात, तेव्हा निळसर रंगाचा कीस निघतो. तो कुरळा असतो आणि दिसायला छान असतो पण भयंकर तापलेला असतो. हत्यार बोथट झालं की आवाज बदलतो, तो पप्पांना लगेच कळतो, शेजारच्या मशीनवरच्या माणसाला कळत नाही. ती सांगत होती आणि वर्ग नुसता ऐकत होता. शेवटी कुणीतरी म्हणालं, आपल्याला बघायला मिळेल का ते? आणि हेमांगी, जी कधी बोलत नव्हती ती, म्हणाली की मी विचारते पप्पांना, मी घेऊन जाते सगळ्यांना. वत्सलाताईंनी विचारलं, कुठला कारखाना, कुठली शेड? तिने नाव सांगितलं. पिंपळाजवळची जुनी शेड.

सारखी येरझारा घालणारी ती बाई जागच्या जागी उभी राहिली. मला काही कळेना. तास संपल्यावर जिन्यात त्यांनी माझा हात धरला आणि सांगितलं, की ती शेड बंद होऊन वर्ष होत आलं. "जगतापला मीच समोर बसवलं होतं, सुनीता. तिच्या वडिलांना आज नोकरी नाहीये... आणि तिला ते माहीत नाही."

मी म्हटलं, सोडून द्या ताई, कुणाच्या घरातलं आपण कशाला उकरायचं. पण सोडून देणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी जुन्या कामगारांकडे चौकशी केली, आणि दोन-चार दिवसांनी मला घेऊन कमाटीबागेत गेल्या. प्राणिसंग्रहालयाच्या मागच्या बाजूला, जिथे दुपारी सहसा कुणी फिरकत नाही, तिथे एका बाकावर जगताप बसले होते. इस्त्रीचा शर्ट, शेजारी डब्याची पिशवी. वत्सलाताईंना बघून ते सवयीने उठून उभे राहिले. "बेन, तुम्ही इथेपण आलात?" ते म्हणाले. त्या वाक्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं वत्सलाताई नंतर कितीदा तरी म्हणाल्या.

त्या त्यांच्या शेजारी बसल्या आणि हेमांगीने वर्गात जे जे सांगितलं होतं ते शब्दाला शब्द जोडून त्यांना सांगितलं. जगताप मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी विचारलं, "कीस निळसर असतो म्हणाली?" वत्सलाताई हो म्हणाल्या. "बरोबर सांगितलं तिने," जगताप म्हणाले. मग वत्सलाताईंनी सांगितलं की पोरगी अख्ख्या वर्गाला तुमचं लेथ दाखवायला निघाली आहे. मी तिला काही सांगणार नाही, ते सांगणं तुमचं आहे. पण तिने मला विचारलं तर मी खोटंही बोलणार नाही. जगतापांनी डब्याची पिशवी मांडीवर ओढली. आम्ही निघालो तेव्हा ते पुन्हा उठून उभे राहिले होते.

आम्ही फतेगंजला त्यांच्या घरापर्यंत चालत आलो. फाटकाशी थांबून वत्सलाताई म्हणाल्या, त्या शेडमधल्या एकेका माणसाला मी सांगितलं होतं, नवा काळ येतोय, नवी कामं निघतील. मला खरंच तसं वाटत होतं... मग फाटक उघडायचं सोडून त्या उलट दिशेने चालायला लागल्या आणि मी त्यांच्या मागोमाग. विद्यापीठाच्या बाजूने एक मोठा फेरा मारूनच त्या दिवशी आम्ही घरात शिरलो.

पुढच्या तासाला जगताप शाळेत आले. वर्गाच्या दाराशी तोच इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले आणि मला हात जोडून म्हणाले, आत येऊ का? हेमांगीचा चेहरा उजळला, तिला वाटलं सहलीची तारीख ठरवायला आलेत. ते फळ्यापाशी उभे राहिले. "मी मारुती जगताप. मी टर्नर होतो," ते म्हणाले, आणि त्या 'होतो'वर हेमांगीने मान वर केली. त्यांनी मग सगळं सांगितलं. लेथ कसं शिकलो, उस्ताद कसा होता, पहिल्यांदा बोट कसं कापलं, शेड कशी बंद झाली. ज्या बाईंनी सही घेतली त्या इथेच खिडकीपाशी उभ्या आहेत, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते वत्सलाताईंनी स्वतःच सांगितलं. "शेड बंद होणार हे यांना सांगायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी केलं." खाली ठोकण्याचा आवाज चालू होता, वर वर्गात कुणी हालत नव्हतं. हेमांगी उभी राहिली. "मग पप्पा, तुम्ही रोज डबा घेऊन कुठे जाता?" जगताप म्हणाले, बागेत. तिने विचारलं, आणि डबा? ते म्हणाले, "खातो की. तुझ्या आईने केलेला असतो."

ती खाली बसली. तिने डोळे पुसले नाहीत आणि वडिलांकडे पाहिलंही नाही. मग मागच्या बाकावरून एका मुलाने हात वर केला आणि म्हणाला, माझे पप्पापण घरीच असतात. त्यानंतर आणखी एका मुलीने सांगितलं. त्या तासाला पुस्तकातलं काहीही शिकवून झालं नाही, आणि माझ्या सगळ्या नोकरीत तितका जिवंत तास मी पाहिला नाही.

पण वाडीत गोष्ट लपत नाही. पालक मुख्याध्यापकांकडे आले, घरातल्या गोष्टी शाळेत वेशीवर टांगायच्या का, असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदीच चुकीचं होतं असं मला आजही म्हणवत नाही. तास बंद झाला. वत्सलाताईंनी वाद घातला नाही. त्या मुलांचा निरोप घ्यायला आल्या तेव्हा मुलांनीच विचारलं, मग आता कुठे? त्या म्हणाल्या, ते तुम्ही ठरवा, जागा तुम्ही शोधा, आईवडिलांना तुम्हीच विचारा. पुढच्या रविवारी सकाळी फतेगंजच्या त्यांच्या घरी दार वाजलं. उघडलं तर पायऱ्यांवर मुलं उभी. जी आली होती ती सगळी घरी विचारून, काहीजण तर भांडून आली होती. हेमांगी त्यात नव्हती. ती बऱ्याच रविवारांनंतर आली, कुणाशी न बोलता दाराजवळ बसली, आणि मग मात्र तिने एकही रविवार चुकवला नाही.

त्या रविवारांच्या किती आठवणी सांगू... सतरंजीवर मुलं गोल बसायची. दर वेळी एकाने वर्ग चालवायचा, आणि वत्सलाताई त्याच्यात पडायच्या नाहीत, कितीही गोंधळ झाला तरी. टायपिस्ट, नर्स, वकील, बेकरीवाला, फायर ब्रिगेडचा माणूस, कुणालाही त्या घरी बोलवायच्या, पण आमंत्रण द्यायला मुलांनी जायचं. पहिल्यांदा गेलेली मुलं बँकेच्या दारातूनच परत आली होती, मॅनेजर रागावेल म्हणून. वत्सलाताईंनी त्यांना सेव-उसळ खायला घातली आणि पुन्हा पाठवलं. मराठीत बोला, गुजरातीत बोला, इंग्रजी तोडकंमोडकं बोला, पण सुरू केलेलं वाक्य पूर्ण करा, हा एकच त्यांचा नियम. दिनकरराव विद्यापीठाच्या ग्रंथालयात कामाला होते, गप्प स्वभावाचे, ते त्या वेळी बाहेरच्या ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला "मजामां?", म्हणजे मजेत ना, एवढंच विचारायचे.

दहावीनंतर काय, हा प्रश्न आला तेव्हा हेमांगीबद्दल वत्सलाताईंना खात्री होती. मुलीचा हात चित्रात चांगला, डोकं हिशेबी, तर ड्राफ्ट्समनचा, म्हणजे नकाशे काढण्याचा, कोर्स कर. जगताप तयार नव्हते. ते एव्हाना एका शाळेत वॉचमन म्हणून लागले होते आणि कारखान्याशी नातं असलेलं काहीही त्यांना मुलीसाठी नको होतं. वत्सलाताई त्यांच्या घरी जाऊन बसल्या. "ड्रॉइंगशिवाय घर होत नाही, मशीन होत नाही. हे हातात असलं की तिला कुणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही," त्या म्हणाल्या. मी सोबत होते. जगतापांनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाले, तुम्ही म्हणता म्हणून. हेमांगीने कोर्स केला, अलकापुरीतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागली. शाईचे डाग पडलेली बोटं घेऊन रविवारी यायची आणि नव्या मुलांना नकाशाची पट्टी, टी-स्क्वेअर, कशी धरायची ते दाखवायची. वत्सलाताई तेव्हा किती खूश असत! मला वाटायचं, कमाटीबागेतल्या त्या दुपारचं ओझं आता थोडं उतरलं.

आणि मग कॉम्प्युटर आले. एका वर्षात म्हणावं इतक्या झपाट्याने त्या ऑफिसातले ड्रॉइंग बोर्ड भिंतीला लागले. मालकाने कॉलेजातून कॉम्प्युटर शिकून आलेले दोन मुलगे ठेवले आणि हेमांगीला सांगितलं की पुढच्या महिन्यापासून येऊ नका. ती फतेगंजला आली तेव्हा मी तिथेच होते. ती रडायला आली नव्हती. नववीत उभी राहिली होती तशीच खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही कशावरून सांगितलं होतं?"

वत्सलाताईंनी पदर सारखा केला. म्हणाल्या, "मला जेवढं दिसत होतं त्यावरून. पुढचं मला दिसत नव्हतं, हेमा. आणि दिसत नाही हे मी तुला सांगायला हवं होतं."

त्यानंतरचे काही महिने फार वाईट गेले. रविवारी मुलं यायची, पण वत्सलाताईंचं लक्ष नसायचं. एखाद्याने विचारलं, मी कॉमर्सला जाऊ का, तर त्या उठून आत निघून जायच्या. जगतापांच्या घरी त्या एकट्याच जाऊन आल्या. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, एवढंच म्हणाल्या की त्यांनी चहा केला. मग एक दिवस मला कळलं की फतेगंजच्या नाक्यावर, झेरॉक्सच्या दुकानावर जो कॉम्प्युटर क्लास होता तिथे त्यांनी नाव घातलंय. हेमांगीचंही आणि स्वतःचंही. साठीला टेकलेल्या बाई, आजूबाजूला अठरा-वीस वर्षांची पोरं. त्यांच्या हातातून निसटून तो माऊस सारखा टेबलाच्या कडेवरून खाली लोंबायचा. हेमांगी पहिल्या दिवशी रागानेच त्यांच्या शेजारी बसली होती. तिनेच मला सांगितलं, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताईंनी पडद्यावर एक चौकोन काढायचा म्हणून तासभर खटपट केली आणि शेवटी जे निघालं ते बघून मला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं की सरांनी मला बाहेर काढलं. आणि माझ्या मागोमाग ताईपण बाहेर आल्या, हसतच.

हेमांगी ते शिकली. तिला वेळ लागला, पण बोर्डावर हात बसलेला असल्यामुळे तिची ड्रॉइंग्ज स्वच्छ असायची. आज तिचं स्वतःचं छोटं ऑफिस आहे, तिच्या हाताखाली चार मुली आहेत, परदेशातल्या इमारतींचे नकाशे त्या बडोद्यात बसून काढतात. वत्सलाताईंना मात्र शेवटपर्यंत चौकोन नीट आला नाही. पण त्यांचा रविवार बदलला. 'तू हे हो' असं सांगणं त्यांनी कायमचं सोडलं. कुणी विचारलं की म्हणायच्या, मला माहीत नाही, चल, ज्यांना माहीत असेल त्यांना विचारू, आणि त्यांनाही माहीत नसेल तर काय करायचं ते बघू. काही पालकांना हे आवडलं नाही. बाई म्हातारी झाली, आता धड सल्लासुद्धा देत नाही, असं म्हणून त्यांनी मुलं पाठवणं बंद केलं. शहरात एव्हाना पाट्या लावून करिअरचा सल्ला देणारे आले होते, गुळगुळीत छापलेली पत्रकं वाटत होते, आणि त्यांना सगळं माहीत होतं.

आमची शेवटची भेट त्यांच्या घरीच झाली, जाण्याच्या आठवडाभर आधी. मी मुद्दाम गेले नव्हते, वाटेत होतं म्हणून डोकावले. त्यांनी पोहे केले, पण माझ्याबरोबर खायला बसल्या नाहीत, ताटली हातात घेऊन खिडकीपासून दारापर्यंत फिरत खात होत्या. आदल्या रविवारी हेमांगी येऊन गेली होती. तिने मुलांना आपलं काम समजावून सांगितलं होतं आणि कुणीतरी विचारलं, दीदी, हे काम किती वर्षं टिकेल? हेमांगी सहज म्हणाली होती, हेपण जाईल एक दिवस, मग दुसरं शिकू. मुलं हसली होती. वत्सलाताईंना ते हसणं झोंबलं होतं. मला त्या म्हणाल्या, "सुनीता, मला एक सांग. आपण या मुलांना उभं राहायला शिकवलं, की नुसतं पडायची सवय लावली?"

मी काहीतरी बोलले. हेमांगी आहे की उभी, असं काहीतरी. त्या मान हलवत राहिल्या. म्हणाल्या, ती उभी आहे, पण जगताप किती दिवस बागेत बसले होते ते मी पाहिलंय. पायाखालची जमीन सारखी काढून घेणाऱ्यांना कुणी काही शिकवलं का? त्यांचा वर्ग कोण घेणार? आणि मग एकदम, विषय बदलावा तसं, पुढच्या रविवारी कोण येणार ते सांगायला लागल्या. नंतरही मी तो प्रश्न पुष्कळ वेळा मनाशी फिरवून पाहिला. शिक्षिकेला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देता आलं पाहिजे असं मला वाटायचं. हे एक मला येत नाही. आणि त्या नाहीत, म्हणून कुणाला जाऊन 'मला माहीत नाही' असं सांगायचीही सोय उरलेली नाही...

त्यांचे दिवस झाल्यानंतरच्या रविवारी मी फतेगंजला गेले ते दिनकररावांजवळ थोडं बसावं म्हणून. मुलं येतील असं वाटलं नव्हतं. पण पायऱ्यांवर चपलांचा ढीग होता. खोलीत नववी-दहावीची मुलं सतरंजीवर बसलेली, हळू आवाजात बोलत होती. त्यांना काय करायचं ते ठाऊक नव्हतं आणि घरीही जायचं नव्हतं. मीसुद्धा दारातच उभी राहिले. तेवढ्यात फाटकाशी मोटरसायकल थांबली. एक तरुण फाटकातून आत आला, काखेत हेल्मेट, कमरेला जाड पट्टा. मोबाइलच्या टॉवरवर चढून दुरुस्ती करण्याचं त्याचं काम. वत्सलाताईंनी महिन्यापूर्वी मुलांकरवी त्याला या रविवारचं बोलावलं होतं आणि त्यानंतर त्याला कुणीच काही कळवलं नव्हतं. तो दारात थांबून विचारू लागला, वत्सलाबेन आहेत का?

दिनकररावांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा आतून एक मुलगी उठली. नाव किंजल, आडनाव पवार, आमच्या बडोद्यात नावं अशीच असतात. ती नवीनच होती, दोन-तीन रविवार आली असेल. ती दारापर्यंत आली आणि त्याला गुजरातीत म्हणाली, "बेन हवे नथी. अमे छीए. आवो ने, बेसो." बेन आता नाहीत, आम्ही आहोत, या, बसा. त्या मुलाने हेल्मेट हातात घेतलं. मग चपला काढून आत आला.

बसायला जागा नव्हती. म्हणजे होती, पण मुलं खिडकीखालचा लांबट पट्टा मोकळा सोडून, एकमेकांना खेटून बसली होती. वत्सलाताईंच्या येरझाऱ्यांनी तिथली फरशी इतर फरशीपेक्षा गुळगुळीत झाली आहे, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं. मुलं थोडी सरकली आणि त्याला त्यांनी मध्येच जागा करून दिली, खिडकीखाली कुणी गेलं नाही. किंजलने सुरुवात करायची म्हणून घसा साफ केला. मला आत बसवेना, मी ओट्यावर दिनकररावांपाशी येऊन उभी राहिले. त्यांनी वर्तमानपत्राची घडीही मोडली नव्हती. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. त्यांनी मला हाताने विचारलं, काय चाललंय आत?

मी कान देऊन ऐकलं. किंजल त्याला विचारत होती, की एवढं वर चढल्यावर कधी भीती वाटली, तर ती तुम्ही कुणाला सांगता? हेल्मेट फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. कुणी त्याला घाई केली नाही. आणि मग तो बोलायला लागला.